हात बदलायची जागा

अगदी आत्ताआत्तापर्यंत जळगावात भर मे महिन्यात, कावळासुद्धा सावली बघून बसतो अशा वेळी, एक उंच वाळका म्हातारा ज्वारीनं गच्च भरलेली कापडी पिशवी घेऊन बाजाराकडून पायी येताना दिसला, आणि त्याच्यामागून त्याचीच मोठी पांढरी गाडी बैलगाडीच्या चालीनं येताना दिसली, तर समजायचं की ते आमचे पितांबरनाना. घाबरायचं नाही, आणि "अहो, गाडीत बसा ना" असा आग्रहही करायचा नाही. एसी लावून आत बसलेला ड्रायव्हर तो आग्रह करून करून थकलेला असायचा. नाना बाजार करून घरी चाललेले नसायचे. पुढची बिल्डिंग कुठं बांधायची, ते ठरवत असायचे.

हो, बिल्डिंग. नाना बिल्डर आहेत. आमच्या कॉलनीतला शेवटचा बंगला त्यांचा. मूळचे पिंपळनेरकडचे, तरुणपणी जळगावात आले, गवंड्यांच्या हाताखाली राबले, मग स्वतः ठेके घेऊ लागले आणि हळूहळू दुकानांच्या बिल्डिंगा उभ्या करू लागले. जन्म अर्धा जळगावात गेला तरी जीभ पिंपळनेरातच राहिली. मी यावलची. त्यांची अहिराणी आणि माझी बोली यांच्यात तापी आडवी वाहते, पण भांडायला आम्हाला कधी दुभाषा लागला नाही.

दुसरे बिल्डर जागा कशी ठरवतात, ते तुम्हाला माहीत असेल. रस्ता किती रुंद, पुढं सरकारचा काय प्लॅन आहे, पार्किंग बसतं का, बांधायच्या आधी किती गाळे बुक होतात, हे बघतात. नानाही हे सगळं बघतात. पण सगळ्यात शेवटी. आधी पिशवी.

पिशवीत दादर भरायची. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, चांगली टपोरी. बाजाराच्या तोंडाशी पिशवी उचलायची आणि घरांच्या दिशेनं चालू लागायचं. चालता चालता बोटं दुखायला लागतात आणि पिशवी आपोआप उजव्या हातातून डाव्या हातात जाते. ती जिथं जाईल तिथं नाना गपकन थांबायचे, पायानं जमिनीवर रेघ ओढायचे आणि भर रस्त्यात ओरडायचे, "आठे हात बदलना! आठे दुकान!" आठे म्हणजे इथं.

एकदा मागून येणारा रिक्षावाला या ओरडण्यानं इतका दचकला, की थेट रसवंतीच्या बाकड्यावर चढला.

मी त्यांना पहिल्यांदा विचारलं होतं, "नाना, हे काय खूळ?" तर त्यांनी मला माझ्याच दुकानात उभं राहून शिकवणी दिली. माझं दुकान म्हणजे 'पुष्पा मॅचिंग सेंटर'. अस्तर, ब्लाऊजपीस, फॉल-पिको, परकर, लेस. पुष्पा म्हणजे मीच. तर नानांचं म्हणणं असं, की बाजाराला जाताना बाई घराचं बघते. तेल, डाळ, पोरांच्या वह्या, सासऱ्यांच्या गोळ्या. तेव्हा तिला रस्त्यावरचं काही दिसत नाही. बाजार उरकला, पिशवी भरली, घराकडे निघाली, की कुठंतरी हात भरून येतो. ती थांबते, हात बदलते, घाम पुसते आणि मान वर करते.

"मान वर करस, तवय तिले दुकान दिसाले पाहिजे," नाना म्हणाले. "बाजारात बाई घराचं घेते, ताई. स्वतःचं घेते ती परतीच्या वाटेवर."

इतकी वर्षं अस्तर विकतेय, माझ्याकडे येणाऱ्या बाईच्या हातात भरलेली पिशवी नसेल असं क्वचित होतं. बोलणं खरं होतं. पण खरं बोलणारा माणूस वेडा असू शकत नाही, असं थोडंच आहे?

"आणि वरचा मजला?" मी विचारलं.

"जिना चढून बाई डॉक्टरकडे जाते, नाहीतर पोराच्या क्लासची चौकशी करायला. अस्तराला चढेल का?"

"मेली तरी नाही चढायची."

"मग! पिशवी खोटं बोलत नही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. बँकेच्या साहेबापासून सिमेंटवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ते ऐकवलेलं आहे. पिशवीबद्दल गावात नाना तऱ्हेच्या वावड्या होत्या. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, एसटीतून रिटायर झाल्यापासून सगळ्या जगाचे कंडक्टर आहेत. ते म्हणत, "चिकटपणा, दुसरं काय! मजुराला द्यायला नको म्हणून स्वतः उचलतो."

मला मात्र वेगळीच गोष्ट खटकायची. ती पिशवी केसरअक्काची होती.

केसरअक्का म्हणजे नानांची बायको. तिला जाऊन काही वर्षं झाली. पिशवी मी ओळखणार नाही तर कोण? जाड खाकी कापडाची. तिच्या बंदांनी अक्काच्या बोटांना वळ पडायचे, म्हणून मीच त्या बंदांना आतून अस्तराची दुहेरी घडी घालून शिवून दिली होती. अक्का दुकानात यायची ती आधी पिशवी काउंटरवर टेकवायची आणि म्हणायची, "थांब वं बाई, आधी हात मोकळा होऊ दे." मग लाल झालेली बोटं चोळत चोळत रंग बघायची. मोरपंखी तिला फार आवडायचा. आणि नाना बाहेर, दोन्ही हात मागं बांधून, रस्त्याच्या मध्ये उभे. "चाल वं लवकर!" असं म्हणून पुढं चालायलाही लागायचे. त्यात नवल काही नाही हो. आमच्याकडे बाप्या माणूस पुढं, हात हलवत. बाई मागं, पिशवी घेऊन. आमचे हेही तसेच. मी मागं राहिले की बस सुटल्यासारखी शिट्टी मारतात.

अक्का असेपर्यंत नानांनी एकही पिशवी उचललेली मी पाहिली नाही. ती गेली आणि हे खूळ सुरू झालं. का, ते मला कळत नव्हतं, आणि एखादी गोष्ट कळली नाही की मला भाकरी गोड लागत नाही.

पिशवीच्या शास्त्रावर नानांनी पहिली बिल्डिंग बांधली ती 'केसर आर्केड'. बाजाराकडून आमच्या कॉलन्यांकडे येणारा जो रस्ता आहे, त्यावर. उद्घाटनाला वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, अख्खी कॉलनी जेवली. बिल्डिंग दृष्ट लागण्यासारखी. आणि दृष्ट लागलीच. गाळे घेतलेले लोक एकेक करून शटर ओढून निघून गेले. आज तिथं एक झेरॉक्सवाला आहे, एक कुरिअरवाला आहे, आणि बाकीच्या शटरवर निवडणुकीची पत्रकं आहेत.

गंमत अशी, की केसर आर्केडच्या थोडं अलीकडे, बाजाराच्या बाजूला, एक बंद पडलेली डाळ मिल आहे. तिची लांबलचक भिंत आणि भिंतीला लागून कडुनिंब. त्या निंबाखाली हातगाड्यांची ही गर्दी! बांगड्या, टिकल्या, रुमाल, केसांचे चाप. संध्याकाळी तिथं बायकांचा मेळा आणि पुढं नानांच्या आर्केडमध्ये माशा. नानांचा त्या गाड्यांवर भारी राग. "मना बठ्ठा गिऱ्हाईक आठेच अडकी जास," म्हणायचे, म्हणजे माझं सगळं गिऱ्हाईक इथंच अडकतं. डाळ मिलच्या मालकानं त्यांना ती जागा कितीदा तरी देऊ केली होती. नानांनी दर वेळी पिशवी घेऊन तपासली आणि दर वेळी मान हलवली. "आठे हात बदलत नही."

दुसरा एखादा म्हणाला असता, शास्त्र चुकलं. नाना म्हणाले, पिशवी चुकली नाही, माप चुकलं. मग जे प्रयोग सुरू झाले! दादर कोरडी होती म्हणून गहू भरून पाहिले. गहू नको, भाजीपाला हवा, म्हणून भरताची वांगी भरली. सावद्याहून केळी मागवून केळ्यांची पिशवी भरली. थंडीत चालून पाहिलं, उन्हात चालून पाहिलं, लग्नसराईत चालून पाहिलं. चपला बदलल्या. एकदा तर आदल्या दिवशी उपास करून चालले, का, तर बाईमाणूस कधी पोटभर जेवून निघतं? एवढं सगळं बदललं, पण हात दर वेळी केसर आर्केडच्या दारातच बदलायचा. आणि नाना दर वेळी हताश होऊन स्वतःच्याच बिल्डिंगकडे बघत बसायचे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं गाळे रिकामे होते, इतकंच.

तेव्हापासून नानांनी नवीन काही बांधलं नव्हतं. जागा दाखवणारे दलाल यायचे, चहा प्यायचे, नानांबरोबर पिशवीमागून चालायचे आणि घामाघूम होऊन परत जायचे.

मलाही याचं काही वाटलं नसतं. पण मध्येच माझ्यावर दुष्काळात तेरावा महिना आला. माझं दुकान ज्या जुन्या इमारतीत होतं, तिच्या मालकानं ती पाडायला काढली. म्हणाला, "काकू, दिवाळीचा धंदा करून घ्या आणि मग गाळा खाली करा." आजूबाजूला बघितलं तर रस्त्याला लागून, खालच्या मजल्यावर, मला परवडेल असा गाळा नाही. वर आहेत, आत आहेत, तळघरात आहेत. केसर आर्केडमध्ये होते, पण तिथं माशा मारायला कोण जाणार? तळघरात जाऊन कुणी मोरपंखीला मोरपंखी जुळवून बघतं का? तिथल्या ट्यूबलाइटमध्ये मोरपंखी आणि बाटलीचा हिरवा सख्खे भाऊ दिसतात. हे दुकान गेलं तर मी घरी बसून आमच्या ह्यांच्या शिट्ट्या ऐकायच्या. 

नानांनी केव्हापासून शब्द दिला होता. "ताई, मना नवा बिल्डिंगमा पहिला गाळा तुना." अक्काच्या देखत दिला होता. केसर आर्केडच्या वेळी माझं दुकान चांगलं चाललेलं, म्हणून मीच नको म्हटलं होतं. पण बिल्डिंग होईल तेव्हा गाळा ना! मी रोज ताकाला जाऊन भांडं लपवत होते. कधी भरीत घेऊन जायचे, कधी लोणचं. शेवटी एकदा म्हटलंच, "नाना, माझं काय?"

"पिशवी सांगेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण वयाचा मान म्हणून मी लोणच्याची बरणी तिथंच ठेवून घरी आले.

याच सुमारास नानांचा पुतण्या प्रशांत पुण्याहून आला. शिकलेला, हुशार, बोलायला गोड. नानांना मूलबाळ नाही, पुढं सगळं तोच बघणार. त्यानं महामार्गालगतची एक मोठी जागा हेरली होती. दिवाणखान्यात भिंतीवर चित्रं पाडून त्यानं आम्हाला सगळं दाखवलं. मला का बोलावलं होतं? कारण नाना म्हणाले, ताई गिऱ्हाईक ओळखते. वरून काढलेले फोटो, कुठून किती गाड्या येतात त्याचे रंगीत बाण, सगळं झकास होतं.

"काका, एक मोठा कपड्यांचा ब्रँड यायला तयार आहे. तो आपला अँकर," प्रशांत म्हणाला.

"अँकर म्हणजे?"

"म्हणजे एक मोठं दुकान. त्याला बघून बाकीचे येतात. त्याला आधी बसवावं लागतं, त्याच्या अटी मानाव्या लागतात."

"म्हणजे लग्नातला रुसका जावई," नाना म्हणाले. "तो बसला की पंगत बसते. आणि मध्येच ताटावरून उठला तर?"

प्रशांत हसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही एकदा धुळ्याचा नवा मॉल बघून या. मग बोलू."

नाना धुळ्याला गेले. अर्थातच पिशवी घेऊन. मीही गेले, कारण माझा गाळा त्या पिशवीला लटकलेला होता. दाराशी गार्डनं अडवलं. "आजोबा, बॅगेत काय आहे?"

"दादर."

"काय?"

"ज्वारी रे भो! भाकरी खातोस का नाही?"

गार्डनं पिशवीत यंत्र फिरवलं, मग हात घातला, मग मूठभर ज्वारी बाहेर काढून आपल्या साहेबाला दाखवली. साहेबानं ती हुंगली. शेवटी, घातपात करायला कुणी दादर आणत नाही असं ठरलं आणि आम्हाला आत सोडलं. आत काय गारवा, काय झगमगाट! नाना सरकत्या जिन्यासमोर उभे राहिले. पायरीवर त्यांनी हळूच पिशवी ठेवली. पिशवी आपली आपण वर निघाली. नाना खालीच, तोंडात बोट घालून. वरच्या टोकाला एका मुलीनं ती उचलून बाजूला ठेवली आणि खाली वाकून ओरडली, "अंकल, युवर बॅग!"

परतीच्या वाटेवर पारोळ्याला नानांनी चहासाठी गाडी थांबवली. मग म्हणाले, "चांगलं शे. पण तिथं हात दुखतच नाही, ताई. हात दुखला नाही तर माणूस थांबेल कशाला? नुसता फिरेल."

"मग महामार्गाची जागा?"

"तिथं तर माणूस चालतच नाही. गाडीचा हात कुठं बदलतो?"

"मग बांधायचं कुठं?"

"तेच तर पाही ऱ्हायनू."

दिवाळी झाली. मालकानं आठवण दिली. माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर पाडापाडीवाल्यांनी लाल रंगाची फुली मारून ठेवली. एका संध्याकाळी मी हिशोबानं माल कमी करत, परकर गठ्ठ्यात बांधत होते, आणि समोरून नाना चाललेले दिसले. हातात पिशवी, मागं गाडी. पुन्हा प्रयोग! माझं डोकंच फिरलं. मी शटर अर्धं ओढलं, तशीच रस्त्यात उतरले आणि म्हटलं, "नाना, थांबा."

"काय गं?"

"मला उद्या-परवा दुकान खाली करायचंय. तुमचा हात कुठं बदलतो त्याची वाट बघत बसले तर माझ्या नातवंडांचेही केस पिकतील. आणा इकडे ती पिशवी! मी दाखवते हात कुठं बदलतो ते!"

"अगं, जड शे—"

"आयुष्यभर काय कापूस उचलला का मी? आणा!"

पिशवी हिसकावून मी परत बाजाराच्या तोंडाशी गेले आणि तिथून चालायला लागले. रागाच्या भरात सुरुवातीचं अंतर तर मी धावतच काढलं. नाना माझ्यामागं. ड्रायव्हर आणखी मागं, आज पहिल्यांदाच गाडीतून खाली उतरून.

रागानं पाय चालतात हो, बोटं नाही चालत. एका खांद्यावर माझी पर्स घसरत होती. पदर सावरायचा होता. एक मोटारसायकलवाला अंगावर आला, त्याला दोन शब्द सुनवायचे होते. अस्तराच्या घडीतूनसुद्धा ते बंद बोटांत रुतायला लागले. आणि डाळ मिलच्या भिंतीशी, त्या निंबाच्या सावलीत, काही कळायच्या आत मी थांबले. पिशवी डाव्या हातात घेतली. घाम पुसला. मान वर केली.

समोर बांगड्यांची गाडी. तिच्यावर मोरपंखी बांगड्या.

"काय काकू, आज पिशवी जड दिसते," बांगडीवाली म्हणाली. "टेकवा ना गाडीवर. सगळ्याच टेकवतात."

सगळ्याच! मी गर्रकन वळले. "नाना! ऐकलंत? सगळ्याच! काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, तुमचा हात बाप्याचा, गवंडीकाम केलेला. तुमचा हात बदलतो आर्केडच्या दारात. आमचा इथं, अलीकडे बदलतो. या गाड्यांनी तुमचं गिऱ्हाईक पळवलं नाही. बायका इथं थांबतात म्हणून गाड्या इथं आल्या! ज्वारी बदलली, गहू बदलले, चपला बदलल्या, उपास केले. एवढ्या उठाठेवी केल्या, पण एखाद्या बाईच्या हातात पिशवी देऊन बघावी, हे सुचलं नाही तुम्हाला?"

मला वाटलं, आता नाना रेघ ओढतील. ओरडतील.

नाना ओरडले नाहीत. ते निंबाखाली उभे राहून माझ्या बोटांकडे बघत होते. बोटं लाल झाली होती, मधोमध पांढरा वळ. त्यांनी पुढं होऊन पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "दुखतं का गं?"

"दुखणार नाही तर काय!" मी म्हटलं. अजून माझा राग उतरला नव्हता.

"ती पण इथंच थांबत असेल," नाना म्हणाले.

कोण ती, हे मला विचारावं लागलं नाही. माझा राग तिथल्या तिथं विझला.

"सगळा जन्म मी पुढं चाललो, ताई. पिंपळनेरच्या बाजारातून गावाला जायचो तेव्हापासून. ती मागं राहायची, मी ओरडायचो, चाल वं लवकर. ती का थांबली, कुठं थांबली, कधी मागं वळून पाहिलंच नाही. ती गेली, आणि घरात खुंटीला ही पिशवी दिसली. म्हटलं, उचलून तरी बघू, ती कुठं थांबत होती ते कळेल." त्यांनी नाक ओढलं. "एवढं चाललो, तरी जागा चुकलीच. मना हात तिना हात नही."

रस्त्यावर माणसांची ये-जा चालू होती. बांगडीवाली आमच्याकडे टकामका बघत होती. मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, "नाना, अक्का माझ्या दुकानात यायची तेव्हा काउंटरवर पिशवी टेकवून बसायची बरं का. हसायची. काही तुमच्यावर रागवायची नाही."

"खरं?"

"देवाशप्पथ."

एवढं म्हटल्यावर त्यांनी पायानं जमिनीवर रेघ ओढली. हळूच. ओरडले नाहीत.

पुढचं सगळं भराभर झालं असं वाटेल, पण नाना ते नानाच. एका बाईच्या हातावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून त्यांनी कॉलनीतल्या निम्म्या बायकांना पिशवी घेऊन चालवलं. प्रशांतच्या बायकोला पुण्याहून बोलावलं. ती जिमला जाते, ती आर्केडपर्यंत सहज गेली आणि वर विचारलं, "अजून कुठं न्यायची?" नाना म्हणाले, ही पैलवान शे, ही धरायची नाही. बाकी सगळ्या निंबाच्या आगेमागेच थांबल्या.

डाळ मिलची जागा घेतली. प्रशांतनं नाक मुरडलं, दर्शनी भाग अरुंद आहे म्हणाला. पण मिलच्या मागच्या मोकळ्या आवारात गाड्या लावायची सोय त्यानंच काढली, आणि ती फार चांगली निघाली, हे मान्य करायला हवं. मधले महिने मी घराच्या ओट्यावर परकर विकले आणि आमच्या ह्यांनी शिट्ट्या मारून गिऱ्हाईक बोलावलं. तेवढाच त्यांना विरंगुळा.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. नानांनी दुकानांच्या पुढं, निंबाला धरून, रस्त्याच्या बाजूनं एक दगडी ओटा काढायला सांगितला. कमरेएवढा उंच, म्हणजे वाकावं लागू नये. नुसती पिशवी टेकवायला. प्रशांत म्हणाला, "काका, एवढ्या जागेत आणखी एक गाळा बसतो!"

"बसतो ना," नाना म्हणाले. "पण बसवायचा नाही."

आता त्या बिल्डिंगमध्ये खाली एकही शटर बंद नाही. वर क्लास आहे, दाताचा डॉक्टर आहे. पहिला गाळा माझा, त्याच्या शेजारचा छोटा बांगडीवालीचा. ती आता गाडी ओढत नाही, पण गिऱ्हाईकाला मात्र अजून रस्त्यात ओरडून बोलावते. बायका ओट्याशी थांबतात, पिशव्या टेकवतात, बोटं चोळतात, मान वर करतात, आणि समोर माझं दुकान असतं. नानांच्या शास्त्रावर हसलेले दलाल आता दुसऱ्या रस्त्यांवर आपापल्या बायकांना पिशव्या घेऊन चालवतात म्हणे.

नाना रोज संध्याकाळी येतात. निंबाखाली उभे राहतात. जमिनीवर रेघ ओढत नाहीत, ओरडत नाहीत, नव्या जागेचं नाव काढत नाहीत. परवा एक पोरगेली सून आली, कडेवर लेकरू, हातात पिशवी. माझ्याकडे रंग बघायचा होता तिला. तिनं नानांना वॉचमन समजून पिशवी त्यांच्याच हातात दिली. "आजोबा, जरा बघाल का? आलेच."

नानांनी घेतली. ती आत आली आणि रंगात हरवली. शे-पन्नास अस्तरं काढायला लावली मेलीनं. मी मध्येच बाहेर डोकावले तर नाना तसेच उभे, ताठ, पिशवी हातात धरून.

"अहो नाना," मी ओरडले, "ठेवा ना खाली! ओटा कशाला बांधलाय?"

"ओटा बायासाठे शे," नाना म्हणाले, आणि पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. "ऱ्हाऊ दे, ताई. निवांत घेऊ दे तिला. मना हात रिकामाच शे."